राजबाळाचा पट्टा

डोहाळजेवणाच्या पंगती उठल्या आणि राणीसाहेब मृणालिनीराजेंनी पोटावरचा, राजबाळाची खबर बाहेर लोकांना दाखवणारा पट्टा सोडून दासी हौसाच्या पोटावर बांधला. हौसालाही सातवाच महिना होता.

"घटकाभर झोपते गं. मी कूस बदलली तरी चौकातल्या फलकावर दिसतं, आणि पट्टा काढून ठेवला तर फलकच बंद पडतो. आत कुणाचं बाळ आहे, ते काही पट्ट्याला कळत नाही."

गलक्यानंच त्यांना जाग आली. राजवाड्याच्या फाटकाशी माणसं डबे आणि ताटं घेऊन उभी होती. दाराबाहेरून दिवाणजींचा घाबरा आवाज आला.

"राणीसाहेब, फलक लाल झालाय! राजबाळ सकाळपासून उपाशी आहे म्हणतोय. राजवाड्यात सुनेला जेवायला घालत नाहीत का, असं लोक विचारतायत!"

राणीसाहेबांनी हौसाकडे पाहिलं.

"तू जेवली नाहीस?"

"पंगती वाढत होते. मग आपले पाय चेपायला बसले." हौसा ओशाळली. "आमचं सगळ्यांच्या मागूनच असतं, राणीसाहेब."

राणीसाहेबांच्या अंगात रागवायचंही त्राण नव्हतं, आणि रागवायचं तरी कुणावर? भूक लागलीय असं सांगून त्यांनी ताट मागवलं आणि ते हौसापुढे सरकवलं. हौसा पट्टा सोडायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. आधी जेव."

हौसाची दुसरी पोळी संपता संपता फलक हिरवा झाला. "राजबाळ जेवलं!" म्हणत लोकांनी फटाक्यांची माळ लावली. त्या आवाजानं हौसाचं बाळ दचकलं, आणि चौकात तेही सगळ्यांना दिसलं.