सहा मिनिटं

युद्धात दोन्ही देशांनी एकमेकांचे उपग्रह फोडले आणि त्यांच्या तुकड्यांनी अंतराळात जायची-यायची वाटच बंद झाली. वर स्थानकात अडकलेल्या ऋजुताशी बोलायला कुमुदिनीबाईंना रोज सहा मिनिटं मिळत. आज नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्याने त्यांना हळूच सांगितलं, "प्राणवायू चार दिवसांचा उरलाय. तिला सांगू नका."

"आई, यान निघालं का गं?"

"निघालं की. परवा पोचेल."

प्राणवायूचा काटा आणि बाहेर फिरणारे तुकडे तर ऋजुताच्या डोळ्यांसमोरच असणार, हे कुमुदिनीबाईंच्या आत्ता लक्षात आलं.

"बरं झालं," लेक म्हणाली. "मग आल्यावर अळूचं फदफदं कर."

"मुळा घालू त्यात?"

"घाल. शेंगदाणेही जास्त घाल."

उरलेला वेळ दोघी स्वयंपाकाचंच बोलत राहिल्या.