तिसरी प्रत

पहिल्या केंद्रातून रेकॉर्डिंग पुसलं गेलं. दुसऱ्यातूनही गेलं. तिसरं केंद्र मात्र ढिम्म.

त्यानं घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. अकराला हॉस्पिटलच्या चौकशी समितीची बैठक, आणि समितीपुढे ताई उभी राहणार. तिच्या चुकीमुळे ऑपरेशन टेबलावर पेशंट दगावला, असं मोठ्या सर्जननी लेखी दिलं होतं. थिएटरच्या कॅमेऱ्यानं सगळं आवाजासकट टिपलेलं. ते समितीनं पाहिलं की ताईची डॉक्टरकी संपलीच म्हणायची.

आणि हा ठोंब्या, म्हणजे ताई त्याला लाडानं असंच म्हणायची, त्याच हॉस्पिटलच्या फाइलींचा साठा सांभाळायचा. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, तीन गावांतल्या तीन केंद्रांत. एखादी प्रत गेली तर उरलेल्यांवरून ती आपसूक पुन्हा तयार व्हायची. ही व्यवस्था त्यानंच बसवली होती, चारचौघांत मिरवलीही होती. आता एक प्रत जरी शिल्लक राहिली, तरी पाच मिनिटांत रेकॉर्डिंग तिन्हीकडे हजर! आपलेच दात, आपलेच ओठ, सांगतो कुणाला?

त्यानं तिसऱ्या केंद्राला फोन लावला.

"लाइन काढलीय साहेब, दुरुस्ती चाललीय," तिथले काका म्हणाले. "पावणेअकराला जोडतो. घाबरू नका, आमची प्रत ठणठणीत आहे."

"तीच काढायचीय काका. खराब झालीय. लाइन जोडायच्या आधी हातानं पुसून टाका."

"बाकी दोन्हीकडे नाही, आणि इथलीही पुसू? लेखी द्या बुवा. उद्या माझ्या गळ्यात नको यायला."

पकडला गेला तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. पण आई गेल्यावर ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आठवडाभर ती धड जेवली नव्हती. काय झालं म्हणून विचारलं, तर एकच उत्तर, "तू यात पडू नकोस." तो काय समजायचं ते समजला. न समजायला तो काय दगड होता?

त्यानं स्वतःच्या नावानं लेखी पाठवलं.

दहा त्रेचाळीस. दहा चव्वेचाळीस.

"पुसली," काका म्हणाले. "जोडू आता लाइन?"

"जोडा."

त्यानं तिन्हीकडे शोधून पाहिलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही म्हणजे नाहीच. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ताईचा फोन आला. कित्येक दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटत होता.

"ठोंब्या, आता सांगते. साठ्याच्या किल्ल्या तुझ्याकडे, म्हणून मुद्दाम लपवलं. भावानं फेरफार केला, असं कुणी म्हणायला नको. अरे, चुकीची शीर सरांनी कापली. मी तीनदा 'थांबा' म्हणून ओरडले होते. पण माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मीच अर्ज केला, की रेकॉर्डिंग लावा. मंजूर झाला रे! आत्ता लावताहेत."