नाकावर भरवसा

"आधी तुम्ही," अबोली मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ग्लास सलिलपुढे सरकवला.

सलिलने ग्लास नाकाशी नेला. नेहमीप्रमाणे, काहीच नाही. मागच्या महिन्यातल्या तापापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. आईलाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

निघोजेच्या त्यांच्या कंपनीत गाड्यांच्या सीटचे आणि डॅशबोर्डचे भाग बनत. त्यांचे तुकडे काचेच्या बरणीत तापवायचे, झाकण उघडून हुंगायचे आणि वासाला गुण द्यायचे, हे सलिलचं काम. मॅडम त्या विभागाच्या प्रमुख. पूर्वी त्याही हुंगत. दिवाळीपासून बरणीपाशी येत नसत. प्रमुखाने आपलं मत लादू नये, म्हणत. सलिल सध्या शेजारच्याचे गुण चोरून पाहून आपले देत होता. मॅडमना कळलं, तर नोकरी संपली.

आणि आज त्या स्वतःहून त्याच्या रावेतच्या घरी आल्या होत्या, फ्रान्सची बाटली घेऊन.

"उद्या फ्रान्सचे पाहुणे येताहेत," त्या म्हणाल्या. "ही त्यांच्या घरच्या मळ्यातली वाइन. कशी लागली, विचारणारच. म्हटलं, आपल्याकडचं सगळ्यात तिखट नाक काय म्हणतं ते बघावं."

हा सापळाच, सलिलला वाटलं.

"मॅडम, आधी मळ्याचं सांगा ना. जागा कळली की वास उकलतो."

"हो?" मॅडमना ते पटलेलं दिसलं. "नदीकाठची जमीन आहे. नुसते गोटे. गहू येईना, म्हणून यांच्या पूर्वजांनी वेली लावल्या. पुढे मुळांना कीड लागली, सगळा मळा वाळला. तेव्हा यांच्या खापरपणजीने अमेरिकेहून जंगली वेलीची मुळं मागवली आणि त्यांवर आपल्या वेलींची कलमं बांधली. गाव हसलं म्हणे."

"आपल्याकडे निफाडलाही कलमच करतात की."

"तेच मी त्यांना म्हटलं. खूश झाले."

"आणि पिंपं?"

"ओकची. तीही म्हातारीच्याच वेळची."

एवढं सलिलला पुरेसं होतं. त्याने डोळे मिटले. "पहिल्यांदा जांभूळ. मग ओला गोटा, नदीतून नुकता काढलेला. आणि अगदी शेवटी जुनं लाकूड."

मॅडमनी आपला ग्लास हुंगला. थोडा वेळ घेतला. "जांभूळ. ओला गोटा. जुनं लाकूड," त्या पाठ केल्यासारखं म्हणाल्या. "बरोबर. मलाही तेच वाटलं."

सलिलचा श्वास मोकळा झाला. गोट्याचा अंदाज बसला, तर आणखी एक बसेल. "थोडी लवंगही आहे."

"आहे की. मी म्हणणारच होते." त्यांनी एक घोट घेतला. "आई दिसत नाहीत तुमच्या. आत काय चाललंय?"

"थालीपिठं लावतेय. तुम्ही येणार म्हणून मघाशीच भाजणी काढली."

तेवढ्यात त्याच्या आई प्रभावतीबाई ताटली घेऊनच बाहेर आल्या. "गरम आहे तोवर खाऊन घ्या. ते फ्रान्सचं सरबत पळून जात नाही." ताटलीला जागा करायला त्यांनी सलिलचा ग्लास उचलला आणि मान मागे घेतली. पुन्हा वाकून हुंगलं. मग बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं.

"अरे, हे काय पिताय? पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतोय. नासलीय ही."

मॅडमनी हातातला ग्लास हळूच खाली ठेवला.

"एवढ्या लांबून आणून काय उपयोग," असं पुटपुटत दोन्ही ग्लास घेऊन त्या आत गेल्या. मोरीत ते ओतल्याचा आवाज आला.

सलिल ताटलीकडे बघत बसला. आता मॅडम काय म्हणणार, ते त्याला ठाऊक होतं.

अबोली मॅडमनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "सलिल, तुम्हालाही येत नाही?"