बिनकिमतीचा नमुना

"किंमत शून्य लिहा आणि पुढे 'नमुना' असं लिहा," कुरिअरच्या काउंटरवरचा म्हणाला. "नमुन्यावर तिकडे कर लागत नाही. कुणी अडवतही नाही."

शिवणवालीने समोर ठेवलेल्या झबल्याकडे पाहिलं. तळहाताएवढं होतं. पुढून उघडणारं, बंदांचं, एका बाहीला नळी बाहेर काढायला फट ठेवलेली. तिकडे परदेशात तिची लेक दवाखान्यात बसून होती, आणि दिवस भरायच्या आधीच आलेलं तिचं बाळ काचेच्या पेटीत होतं. दुकानातलं लहानात लहान झबलंसुद्धा त्याला पोत्यासारखं होत होतं. "आई, तू शिव," लेक फोनवर म्हणाली होती. "तुझ्या हातचं काहीतरी त्याच्या अंगावर असू दे."

पोरीने आईच्या मशीनवरचं काही मागायची ही पहिलीच वेळ. मागणार कशी? लहानपणी तिचा हात मशीनकडे गेला की आईचा फटका बसायचा. "हे तुझ्यासाठी नाही. पुस्तक उघड." पोरीने पुस्तक उघडलं आणि ती थेट समुद्रापलीकडे गेली. "बटण तुटलं की माझी लेक शर्टच टाकून देते," असं शिवणवाली गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. आणि गिऱ्हाइकांची बटणं लावत बसायची.

पहिलं झबलं तिने 'भेटवस्तू' लिहून पाठवलं होतं. वीतभर कापड, तेही कुणाच्या तरी ब्लाउजातून उरलेलं. पाठवणावळ एवढी की तेवढ्यात अख्ख्या पाळणाघराचे कपडे झाले असते. हे लोक झबल्याचं वजन धरत नाहीत, खोक्याचा आकार धरतात. आतल्या हवेचेही पैसे घेतात, आणि घेताना लाजत नाहीत. एवढं करून पार्सल तिकडच्या तपासणीत अडकलं. कापड कशाचं, रंग कसला, बिल कुठे आहे. बिल! आजीने नातवाला शिवलेल्या झबल्याचं बिल. लेकीने पेटीपाशी बसायचं की कचेरीत रांग लावायची? ती पेटीपाशी बसली. मुदत संपली आणि कुणीतरी ते झबलं कचऱ्यात टाकलं. नियमाप्रमाणे.

बाळ आता थोडं थोडं अंग धरत होतं. आनंदाचीच गोष्ट, पण हेही झबलं कुठे अडकून पडलं तर पोचेपर्यंत त्याला आखूड होणार होतं.

"लिही नमुना," ती म्हणाली. "नाहीतरी आमच्या घरात नमुन्यांना तोटा नाही."

काउंटरवरचा हसला. वाईट माणूस नव्हता. त्याने झबलं उलटंपालटं करून पाहिलं, खणातली कात्री काढली आणि तिच्यापुढे सरकवली. चिकटपट्ट्या कापून कापून तिची पाती चिकट झाली होती.

"ही कशाला?"

"मावशी, नमुना म्हणजे नुसता दाखवायला. अंगात घालता आला तर तो माल झाला. म्हणून कापून द्यावा लागतो. मधोमध एक चीर मारा, बस्स. मी मारू का?"

"हात लावू नकोस."

बंदुका बोटी भरभरून जातात, कुणी त्यांच्या नळ्या वाकवून मागत नाही. झबलं मात्र जखमी करून द्यायचं. मागे रांग खाकरायला लागली. एक जण म्हणाला, "आजी, आटपा. आमची पण माणसं आहेत तिकडे."

शिवणवालीने पिशवीतून स्वतःची छोटी कात्री काढली. कापडाला तिने पातं लागू दिलं नाही. आधी खांद्याचे टाके उसवले, मग बगलेचे, मग बाह्यांचे. हाताला सवय होती. चुकलेलं काम उसवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. काउंटरवर पाच तुकडे पडले. एक पाठ, पुढचे दोन, दोन बाह्या. कुठेही चीर नाही, आणि झबलंही नाही.

"आता घालून दाखव कुणाला घालायचंय त्याला," ती म्हणाली.

काउंटरवरच्याने तुकडे हाताळले आणि मान हलवली. "मावशी, तुम्हाला खरं तर आत ऑफिसात बसवायला पाहिजे."

तिने तुकड्यांत दोरा ओवलेली सुई खोचली. ती मात्र त्याने काढून परत दिली. टोकदार वस्तू विमानात चालत नाही.

"राहू दे. सुई काय, कुठेही मिळते."

पट्टी चिकटली, शिक्का बसला, आणि पार्सल मागच्या पोत्यात गेलं. शिवणवाली पायऱ्या उतरली ती ताठ मानेने. कुठल्या साहेबाला गुंडाळायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती; आज दोन देशांच्या साहेबांना गुंडाळलं होतं. तिने रस्त्यातूनच फोन लावला.

लेकीने पहिल्याच घंटीला उचलला. मागे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"निघालं बघ," शिवणवाली म्हणाली. "या खेपेला कुणी अडवत नाही. फक्त पाच तुकडे येतील, घाबरू नकोस. जुन्या शिवणीच्या खुणा दिसतील, त्यांवरच जायचं. आधी खांदे जोड, मग बाह्या, मग बगला. मशीन नको, काही नको. साधा धावदोरा घाल, पोरंटोरंही घालतात."



"आई," लेक म्हणाली, "धावदोरा म्हणजे काय गं?"