तिसरी शाळा

चौथा देश, चौथी शाळा. वकिलातीत काम करणाऱ्या बाबांनी या वेळी निवडीसाठी पाच शाळांचा चक्क तक्ताच केला होता: अभ्यासक्रम, बस, पोहण्याचा तलाव. दहा वर्षांची लेकही प्रत्येक शाळेत तिथल्या मुलांना गाठून काहीतरी विचारायची आणि वहीत टिपून घ्यायची. "अगदी बापावर गेलीय," आई कौतुकानं म्हणाली.

पाचही शाळा पाहून झाल्यावर बाबांनी विचारलं, "बोला मॅडम, कुठली पक्की करायची?"

"तिसरी. तिथे माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या बाबांची बदली तुमच्या आधी आहे."

बाबांचं पेन थांबलं. "अगं, मग तू एकटी पडशील!"

"दर वेळी मीच मैत्रिणीला रडवून निघते, बाबा. आता रडायची पाळी माझी."