लिबर्टीच्या गालावरचा ठसा

"लिबर्टीच्या गालावर बोट उमटलंय, बाई. नाण्याचा दर्जा खालचाच लागणार," डोळ्याचं भिंग न काढताच व्हर्लिन म्हणाला. ओहायोतल्या त्या गावात चांदीच्या डॉलरची पारख त्याच्याच शब्दावर ठरायची.

"बोट? माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांपूर्वी सीलबंद आणलाय तो!" ओपल क्रेचमर फणकारली. "डबी तरी उघडलेली दिसतेय का?"

नाण्याची पारदर्शक डबी खरंच सीलबंद होती. व्हर्लिननं चिडून ती दिव्याखाली धरली. नाण्यावर कोरलेल्या लिबर्टीदेवीच्या गालावर अंगठ्याच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या आणि त्यांना मधोमध कापत एक तिरका वण गेला होता.

अस्साच वण त्याच्या अंगठ्यावर होता. गेल्याच महिन्यात पत्रा लागला होता.

"काय झालं? दातखीळ बसली?"

"तोंड आवरा," तो खेकसला आणि ताडून बघायला त्यानं स्वतःचा अंगठा भिंगाखाली आणला.

वण नव्हता. रेषाही नव्हत्या. शंभर वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यासारखा तो अंगठा गुळगुळीत झिजला होता.

त्यानं घाईघाईनं डबीत पाहिलं. लिबर्टीच्या हनुवटीवर आता दुसरं बोट उमटू लागलं होतं.