मोकळी पट्टी

रसिकाच्या पत्राला भाईंकडून सहा वर्षांत उत्तर गेलं नव्हतं, आणि आज ते तिच्याच समोर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड शब्दकोश. दोन्ही हात त्यावर.

देवबागच्या एका होमस्टेची मधली खोली रिकामी केली होती. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. फ्रीज बंद होता, कारण त्याची घरघर माइक उचलतो. कालचं कालवण त्यापायी आंबून गेलं होतं. बावीस शहरांचा दौरा आटोपून ‘रापण’ हा बँड इथं रेकॉर्डिंगला उतरला होता; नाव किनाऱ्यावरून गावानं मिळून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचं. रसिका त्याची गायिका. आचऱ्याच्या वाचनालयात भाई चाळीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि ही मुलगी शाळेच्या गणवेशात तिथल्या खिडकीखाली बसून कपाटंच्या कपाटं वाचून संपवायची.

पत्र चार ओळींचं होतं. ‘भाई, सोबत सीडीवर एक चाल पाठवते. शब्द तुम्हीच लिहायचे. दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही. तोवर आम्ही नुसती गुणगुणतो.’

भाईंनी ती चाल वाचनालयाच्या संगणकावर वीस वेळा ऐकली होती. पण आयुष्यभर चांगलं वाचण्याचा एक तोटा असतो. आपलं काय चांगलं नाही, ते माणसाला लगेच कळतं. उत्तर गेलं नाही. गाणं मात्र गेलं. शब्दांवाचून गेलं आणि गाजलं. दहा-दहा हजार माणसं आता ते रसिकाबरोबर गुणगुणत. भाई मोबाइलवर ते बघायचे, बरं झालं म्हणायचे, आणि मग रात्रीचं जेवण त्यांना जात नसे.

आज तेच गाणं पुन्हा, नव्यानं रेकॉर्ड होत होतं. ‘बघूक येवा,’ एवढंच रसिका फोनवर म्हणाली होती. पत्राचं नावही तिनं काढलं नव्हतं. विसरली असेल. ते भाईंना जास्त लागलं.

एवढी नावाजलेली मंडळी, म्हणजे एका दमात गाणं होत असेल, अशी भाईंची समजूत होती. पहिल्या वेळी बाहेरून पर्यटकांची बोट धडधडत गेली. दुसऱ्या वेळी डायलनच्या हातातली काठी मोडली. डायलन ड्रम वाजवायचा आणि रेकॉर्डिंगचा संगणकही तोच सांभाळायचा. तिसऱ्या वेळी रसिकाचाच सूर उतरला. ‘परत,’ ती म्हणाली आणि कोमट पाण्याची गुळणी करून आली. दुपारपर्यंत एकतीस वेळा झालं. भाई मोजत होते. कुणाचं तोंड उतरलं नाही.

शेवटी डायलननं नववा प्रयत्न ऐकवला. ऐन मधोमध परसातली कोंबडी ओरडली होती.

“ह्योच ठेवया,” तो म्हणाला.

“आनी कोंबडी?”

“ऱ्हवांदे गो. तुझ्यापेक्षा सुरात आसा.”

रसिकानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. कोंबडी राहिली.

भाई हसत पडद्याकडे वळले. त्यावर रंगीत पट्ट्या एकाखाली एक होत्या. ड्रम, गिटार, आवाज. सगळ्यांत खाली एक पट्टी कोरी होती. तिच्या डाव्या कडेला लिहिलं होतं, ‘भाई’.

“ह्या काय?” भाईंनी त्या नावावर बोट ठेवलं.

“तुमची जागा,” डायलन म्हणाला. “ह्या गाण्याची फाइल उघडली काय ती असताच. सहा वर्सा मोकळी आसा. पण शुक्रवारी गाणा पुरा करून बंद करतलंव, भाई. मगे ती काढून टाकूची लागतली.”

भाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “लोकांका आता बिनशब्दाचाच आवडता,” ते म्हणाले. “माजे शब्द वायट ठरले तर?”

रसिका त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. “भाई, रापणीच्या दोरयेक हात लावलो की वाटो गावता. कोणी कसो ओढल्यान, ह्या किनाऱ्यार कोण बघता? बँडाचा नाव आमी उगाच नाय ठेवलंव.”

भाईंचा हात पिशवीत गेला. शब्दकोशाच्या कडेवर बोटं थांबली. मग हात तसाच बाहेर आला. “येतंय,” ते म्हणाले आणि आचऱ्याला परतायला उठले. रसिकानं थांबवलं नाही. दारापर्यंत आली, त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि उन्हात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडलं तेव्हा भाई पायरीवरच होते. शब्दकोशातून त्यांनी एक पाकीट काढलं, रसिकाच्या मालाडच्या जुन्या पत्त्यावर रेघ मारली आणि खाली देवबागचा लिहिला. मग खिडकीतून ते आत सरकवलं. एक कोपरा हातात धरून ठेवला, आणि सोडला.

“शुक्रवारच्या आधी पोचात मां?”

“गुरुवारी पोचात,” अक्षया म्हणाली. खिडकीपलीकडे तीच बसायची. तिनं पाकीट उलटसुलट केलं. कागद पिवळा पडला होता. तोंड नुकतंच भाताच्या शितानं चिकटवलेलं, अजून ओलं. तिकीट मात्र जुनं होतं, आणि कोपऱ्यात भाईंच्या बारीक अक्षरात तारीख होती. “भाई, ही तारीख सहा वर्सामागची. चुकलास काय?”

“नाय गो,” भाई म्हणाले. “रसिकाचा पत्र इला, त्याच दिवसा लिवलेला. धाडूचा तेवढा ऱ्हवलेला.”

अक्षयानं शिक्का उचलला आणि तिकिटावर आजची तारीख मारली.